कोळ्याची नवी प्रजाती वाटतेय: वर्णन लिहिण्याआधी काय काय तपासायचं?

पाचोळा

नमस्कार मंडळी. साल्टिसिडी कुळातल्या, म्हणजे जंपिंग स्पायडरच्या, एका प्रजातीचं वर्णन लिहायला घेतलंय. नमुने उष्णकटिबंधीय सदाहरित जंगलातले आहेत. झाडांच्या खोडांवरून आणि बुंध्याशी साचलेल्या पाचोळ्यातून रीतसर परवान्यावर गोळा केलेले. पूर्ण वाढलेले दोन नर, एक मादी, आणि आणखी एक मादी जिची एपिगाइन (पोटाखालचा जननावयव) अजून नीट तयार झालेली नाही. लांबी साडेतीन ते साडेचार मिलिमीटर. सगळे ७५ टक्के इथेनॉलमध्ये आहेत. एका नराचा एक पाय वेगळा काढून ९६ टक्क्यांत ठेवलाय.

जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) बऱ्यापैकी पक्का वाटतो, पण त्यातल्या एकाही ज्ञात प्रजातीशी नराचा पाल्प (तोंडाजवळचा, मीलनासाठीचा अवयव) जुळत नाही. आता अडलंय ते असं. 'जुळत नाही' यावरून 'नवीन आहे' म्हणायला किती तपासणी पुरेशी धरायची? नर आणि मादी रंगाने अजिबात सारखे नाहीत, मग ते एकाच प्रजातीचे हे कशावरून दाखवायचं? एपिगाइन साफ करायला पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) बरं की एन्झाइम? आणि नावाच्या बाबतीत कोणती चूक झाली तर नावच बाद होतं?

---

आठडोळे

सगळ्यात जास्त वेळ पहिल्या प्रश्नाला द्या. वर्णन आठवड्याभरात लिहून होतं, तुलनेला महिने लागतात, आणि फसगत होते ती तुलनेतच.

सुरुवात वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगपासून. बर्नच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा हा कॅटलॉग सगळ्यांना खुला आहे, आणि नोंदणी केली की जुने शोधनिबंधही उतरवून घेता येतात. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या प्रजातींचा आकडा ५०,००० वर गेला. पन्नास हजारावी ठरलेली ग्युरियुरियस मिनुआनो ही दक्षिण अमेरिकेतली आणि तुमच्याच कुळातली. एकट्या साल्टिसिडीत सहा हजारांहून जास्त प्रजाती आहेत, त्यामुळे 'असा कधी पाहिला नाही' या भावनेला इथे फारसं वजन नाही.

तुमच्या जीनसमधल्या सगळ्या वैध प्रजातींचा तक्ता करा. रकाने असे ठेवा: नर माहीत आहे का, मादी माहीत आहे का, पाल्पचं चित्र कुठल्या निबंधात, एपिगाइनचं कुठे, टाइप नमुना (ज्यावरून नाव दिलं तो मूळ नमुना) कुठल्या संग्रहात, कुठल्या जागेवरचा. हा तक्ता भरला की खरी अडचण समोर येते. बऱ्याच प्रजाती फक्त मादीवरून वर्णन केलेल्या असतात. तुमच्या नराचा पाल्प त्यांच्याशी जुळत नाही असं म्हणताच येत नाही, कारण जुळवायला समोर पाल्पच नाही. तिथे तुमची मादीच कामाला येते, म्हणून नर-मादीची जोडी पक्की करणं हा या कामातला मधला दगड आहे. तो सुटला तर कमान उभी राहत नाही.

तक्त्यात समानार्थी ठरवून बाद केलेली नावंही घ्या. आज दुसऱ्याखाली गेलेलं एखादं जुनं नाव प्रत्यक्षात तुमच्याच प्रजातीचं असू शकतं. तसं निघालं तर ते नाव पुन्हा वैध करायचं, नवं द्यायचं नाही. शेजारच्या जीनसही चाळा. वेन मॅडिसन यांनी २०१५ मध्ये साल्टिसिडीचं नवं वर्गीकरण मांडलं. त्याआधीच्या किल्ल्या (ओळख पटवायचे तक्ते) वापरून ठरवलेला जीनस आजच्या चौकटीत बसेलच असं नाही.

दुसरा सापळा परदेशी पाहुण्यांचा. जंगलाच्या कडेला किंवा वस्तीजवळ मिळालेला कोळी दुसऱ्या खंडातून सामानाबरोबर आलेला असू शकतो. मेनेमेरस बायव्हिटॅटस, प्लेक्सिपस पेकुली, हॅसारियस अ‍ॅडॅन्सनी हे तुमच्याच कुळातले तिघे जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरलेत. तुलना फक्त आपल्या देशाच्या यादीशी केली की असा पाहुणा 'नवीन' ठरतो. हेटेरोपोडा व्हेनाटोरिया या मोठ्या कोळ्याला वेगवेगळ्या ठिकाणी किती नावं मिळाली होती ते कॅटलॉगमधली त्याची समानार्थी नावांची रांग बघून कळेल.

जुनी चित्रं जपून वाचा. पाल्प दहा-पंधरा अंश फिरला तरी एम्बोलसची (शुक्राणू सोडणाऱ्या टोकाच्या नळीची) वळी वेगळी दिसते आणि टिबिया या कांड्यावरचा काटा आखूड भासतो. चित्रात फरक दिसला की आधी आपला पाल्प त्याच कोनात फिरवून बघा. तरीही शंका राहिली तर टाइप नमुना ज्या संग्रहात आहे तिथल्या क्युरेटरला लिहा. नमुना उसना मिळायला महिने लागतात, पण 'डाव्या पाल्पचा खालून आणि बाहेरच्या बाजूने, मोजपट्टीसकट फोटो' अशी नेमकी मागणी केली की काम लवकर होतं. काही जुने टाइप अपरिपक्व पिल्लांचे निघतात. अशा नावाचा निकाल लागत नाही, पण ते टाळून पुढेही जाऊ नका. निबंधात त्याचा उल्लेख करून तुलना का करता आली नाही ते लिहा.

---

बल्ब_आणि_एम्बोलस

प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण यातल्या काही पायऱ्या उलट फिरवता येत नाहीत.

आधी फोटो, मग कात्री. अख्ख्या कोळ्याचे वरून, बाजूने, खालून आणि समोरून फोटो काढून घ्या. पुढच्या खेपेला जिवंत मिळाले तर ते फोटो सोन्यासारखे आहेत. अल्कोहोलमध्ये हिरवा रंग लवकर उडतो, आणि साल्टिसिडींच्या अंगावरचे चमकणारे खवले ओले असताना वेगळेच दिसतात. अल्कोहोलमधल्या नमुन्याचा रंग लिहिताना 'अल्कोहोलमधला रंग' असंच लिहा.

डीएनएसाठी पाय आधी काढा. पोटॅशमध्ये गेलेल्या भागातून डीएनए मिळण्याची आशा सोडा. मादीचाही एक पाय आत्ताच काढून ९६ टक्क्यांत ठेवा. सहसा उजव्या बाजूचा तिसरा पाय काढतात, कारण मोजमापं डाव्या बाजूची घेतो.

पाल्प. रिवाज डाव्या पाल्पचा आहे. फीमर आणि पटेला या कांड्यांच्या सांध्यात कापा, म्हणजे टिबिया आणि तिच्यावरचा काटा अखंड राहतो. डावा मोडका असेल तर उजवा घ्या, चित्र आरशासारखं उलटवा आणि तसं मथळ्यात सांगा. न सांगता उलटवलेलं चित्र पुढच्या माणसाला भलतीकडे नेतं. पाल्प स्थिर ठेवायला काचेच्या वाटीत धुतलेली बारीक वाळू, किंवा अल्कोहोल असलेलं पारदर्शक हँड सॅनिटायझर चालतं. जेलमधले बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबा, नाहीतर नेमका एम्बोलसच्या टोकावर बुडबुडा येतो. आतल्या, खालच्या आणि बाहेरच्या बाजूने असे तीन फोटो हवेतच. प्रत्येकासाठी वेगवेगळ्या फोकसचे वीस ते चाळीस फोटो काढून एकत्र करा.

एकत्र केलेल्या फोटोवर विसंबून चित्र काढणं सोडू नका. सॉफ्टवेअर एकमेकांवर आलेल्या कडा कधीकधी चिकटवून टाकतं, आणि एम्बोलस बल्बच्या (पाल्पच्या फुगीर भागाच्या) मागून जातो की पुढून हे फोटोत हरवतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाल्प हलवत हलवत बघून हाताने काढलेल्या रेषेत ते कळतं.

एपिगाइन. पोटॅश की एन्झाइम, याचं उत्तर तुमच्याकडे एकच मादी आहे यात आहे. एन्झाइम घ्या. पॅन्क्रिएटिनचं द्रावण मऊ ऊती पचवतं आणि क्युटिकलला (बाहेरच्या कठीण आवरणाला) धक्का लावत नाही. खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवलं तरी एपिगाइनमधल्या नलिकांच्या भिंती जशाच्या तशा राहतात. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड लवकर काम करतं, गरम केलं तर काही मिनिटांतच. पण तिथे दर दोन मिनिटांनी बघावं लागतं. जास्त झालं की ज्या नलिकांचा मार्ग दाखवायचाय त्यांच्याच पातळ भिंती दिसेनाशा होतात. असं झालं तर क्लोराझोल ब्लॅक या रंगाने थोडा उठाव आणता येतो.

कापण्याआधी एपिगाइन जागेवर असतानाचा फोटो घ्या. मग बारीक टाचणीच्या टोकाने कडेकडेने सोडवा, आणि कापताना मागची पोटाची घडी आपल्याच तुकड्यात येऊ द्या, कारण फर्टिलायझेशन नलिका तिकडेच वळतात. साफ झाल्यावर डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुवा. बघायला लॅक्टिक अ‍ॅसिड सोपं, ते पाण्यात मिसळतं. लवंग तेल जास्त स्वच्छ दाखवतं, पण त्याआधी तुकडा चढत्या अल्कोहोलमधून अ‍ॅब्सोल्यूटपर्यंत न्यावा लागतो. पाण्याचा अंश राहिला तर सगळं दुधाळ होतं. साफ केलेला तुकडा एकदम दाट ग्लिसरिनमध्ये टाकू नका, स्पर्मथेका (शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्या) आत दबतात आणि त्यांचा आकार चुकीचा नोंदला जातो.

कॅनडा बाल्सममध्ये कायमची स्लाइडही करू नका. एकदा बसवला की तो कोन कायमचा, आणि पुढच्या संशोधकाला वरून-खालून बघायचं असतं. काम झालं की छोट्या नळीत ७५ टक्के इथेनॉल, त्यात तुकडा, तोंडाला कापसाचा बोळा, आणि ती नळी त्याच मादीच्या बाटलीत.

मोजमापं. सूक्ष्मदर्शकाच्या प्रत्येक मॅग्निफिकेशनला स्टेज मायक्रोमीटरने कॅलिब्रेट करा. एकाच कॅलिब्रेशनवर झूम बदलत मोजलं की सगळा तक्ता चुकतो आणि नंतर कुणालाच कळत नाही का चुकला. मोजायचा भाग सपाट आडवा हवा. तिरपा असला तर आखूड भरतो. शिरोवक्षाची लांबी-रुंदी, उदराची लांबी-रुंदी, डोळ्यांच्या पट्ट्याची लांबी आणि पुढची-मागची रुंदी, प्रत्येक डोळ्याचा व्यास, मग प्रत्येक पायाची एकूण लांबी आणि पुढे कंसात फीमर, पटेला, टिबिया, मेटाटार्सस, टार्सस या क्रमाने. पाल्पला मेटाटार्सस नसतो, तो रकाना तिथे भरू नका. पायांचं सूत्र लांबीच्या उतरत्या क्रमाने, उदाहरणार्थ ४१३२. केलिसेराच्या (जबड्यांच्या) मागच्या कडेला एक दात आहे, एकच पण दुभंगलेला आहे, की अनेक आहेत, हे साल्टिसिडीत न चुकता लिहायचं.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी सोन्याचा मुलामा दिलेला पाल्प परत अल्कोहोलमध्ये घालून वापरता येत नाही. दोनच नर असताना तो मोह टाळलेला बरा, होलोटाइपच्या (नावाचा आधार म्हणून नेमलेल्या एकाच नमुन्याच्या) बाबतीत तर नक्कीच.

---

रात्रीचा_टॉर्च

नर-मादी जुळवण्याबद्दल.

एकाच खोडावर मिळाले हा पुरावा कच्चा आहे. उष्णकटिबंधीय जंगलात एकाच झाडावर एकाच जीनसच्या दोन-तीन प्रजाती सहज राहतात. नराचं वर्णन एका नावाने आणि त्याच्याच मादीचं दुसऱ्या नावाने, कधी तर दुसऱ्याच जीनसमध्ये, असं कोळ्यांत पुष्कळदा झालंय.

शरीररचनेतून मिळणारे दुवे आधी तपासा. एम्बोलस लांब आणि वेटोळा असेल तर मादीच्या नलिकाही लांब आणि वळणाच्या असायला हव्यात. आखूड जाड एम्बोलस आणि तीन वेढ्यांची नलिका ही जोडी संशयास्पद. बऱ्याच साल्टिसिडी माद्यांच्या एपिगाइनवर एक खळगा असतो, मीलनाच्या वेळी नराच्या टिबियावरचा काटा त्यात अडकतो. काट्याची रुंदी आणि खळग्याची रुंदी मोजून शेजारी ठेवा. लिंगानुसार न बदलणाऱ्या गोष्टीही बघा: डोळ्यांची मांडणी, पायांवरच्या काट्यांची जागा. केलिसेरा मात्र इथे धोका देतात, कारण कित्येक प्रजातींत नराचे केलिसेरा मोठे आणि वेगळ्याच घडणीचे असतात.

मग डीएनए. नेहमीचा भाग मायटोकाँड्रियातल्या सीओआय जीनचा, ६५८ बेसचा, १९९४ पासून वापरात असलेल्या एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८ या प्रायमरनी (हवा तो भाग वाढवायला वापरतात त्या डीएनएच्या तुकड्यांनी) मिळणारा. कोळ्यांत हे प्रायमर कधीकधी चालत नाहीत, तेव्हा दुसरी जोडी हाताशी ठेवा. सीक्वेन्स आला की अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियल कोडने भाषांतर करून बघा. मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच संपवणारी खूण) दिसला तर केंद्रकात शिरलेली जीनची मृत प्रत वाचली गेलीय. ती घेऊन तुलना करू नका.

नर आणि मादीचे सीक्वेन्स सारखे किंवा जवळजवळ सारखे, जागा एक, आणि अवयव एकमेकांना साजेसे, एवढं असेल तर जोडी ठामपणे मांडा. पण 'तीन टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती' असा कुठलाही सार्वत्रिक आकडा नाही. एका प्रजातीतल्या दूरच्या डोंगरांवरच्या समूहांत त्याहून जास्त फरक सापडतो. उलट वोल्बाकिया जिवाणूच्या संसर्गामुळे मायटोकाँड्रियाचा इतिहास प्रजातीच्या इतिहासापासून फारकत घेऊ शकतो. डीएनए हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

तुमची चौथी, अपरिपक्व मादी टाइप मालिकेत घेऊ नका. कोळ्याची एपिगाइन शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण होते, त्याआधीचा नमुना पॅराटाइप (होलोटाइपच्या जोडीचा नमुना) म्हणून काहीच सांगत नाही. तिचा सीक्वेन्स मात्र जरूर काढा. पुढच्या वेळी जिवंत सापडलेले अपरिपक्व कोळी, विशेषतः पाल्प फुगीर पण आत बल्बचे भाग न दिसणारे नर, सांभाळून वाढवा. त्यांची एकच कात बाकी असते. ओलसर कापूस, फळमाश्या आणि हवा खेळेल अशी नळी एवढं पुरतं. टाकलेली कात फेकू नका, तीही त्याच नमुन्याबरोबर ठेवा.

---

पाचोळा

मनापासून आभार. आज पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बसलो तेव्हा दोन गोष्टी दिसल्या, त्या विचारतो. दोन नरांपैकी एकाच्या डाव्या पाल्पचा एम्बोलस दुसऱ्यापेक्षा स्पष्ट आखूड आहे, टोक बोथट. उजवा मात्र लांब आणि टोकदार. आणि मादीच्या दोन छिद्रांपैकी एकावर तपकिरी, खडबडीत असं काहीतरी आहे. दुसरं छिद्र मोकळं. हे वैशिष्ट्य म्हणून लिहायचं का?

---

बल्ब_आणि_एम्बोलस

नाही, दोन्ही गोष्टी नमुन्याच्या आहेत, प्रजातीच्या नाहीत.

एकाच नराचे दोन पाल्प वेगळे असतील तर एम्बोलस मोडलाय असं आधी धरा. विधवा कोळी आणि नेफिलाच्या नातलगांत टोक मादीच्या नलिकेत मोडून राहणं नेहमीचंच आहे. इतरत्र कमी, पण होतं, आणि हाताळतानाही मोडतं. मोडलेल्या जागी कड तुटक आणि सपाट दिसते, मूळ टोक हळूहळू निमुळतं होत जातं. मोठ्या मॅग्निफिकेशनला हे लगेच कळतं. होलोटाइप म्हणून दोन्ही पाल्प शाबूत असलेला नर निवडा, चित्रही त्याच्याच पाल्पचं.

तपकिरी थर म्हणजे बहुतेक मीलनानंतरचा बूच. साल्टिसिडीत तो अनेकदा सापडतो. छिद्राचा खरा आकार तो झाकतो, आणि त्यालाच एपिगाइनची पट्टी समजून वर्णन करण्याची चूक सहज होते. दोन बाजू असमान दिसणं हीच त्याची खूण. जागेवरचा फोटो घेऊन झाला की बारीक सुईने हलकेच निघतो का बघा, निघाला नाही तर जोर करू नका. वर्णन मोकळ्या बाजूवरून करा आणि बूच होता हे एका वाक्यात नोंदवा. साफ केल्यावर नलिकेच्या आत गडद तुकडा दिसला तर ते मोडलेलं एम्बोलसचं टोकही असू शकतं. तसं निघालं तर नर-मादी जुळवायला याहून चांगला शारीरिक पुरावा नाही, त्याचा आकार नराच्या टोकाशी ताडून बघा.

याच जोडीने उदर चिरताना आत पांढरा लांब किडा दिसतो का तेही पाहा. मर्मिथिड नेमॅटोडने (परजीवी गोलकृमीने) ग्रासलेल्या कोळ्यांचे पाल्प आणि एपिगाइन अर्धवट किंवा विचित्र घडतात. असा एकच नमुना हातात असला तर तो नवी प्रजाती वाटतो.

---

नामावली

नावाचे नियम. प्राणिनामकरण संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव बाद होण्याच्या जागा मोजक्याच आहेत, पण प्रत्येकीत लोक अडकतात.

नाव नवीन आहे हे निबंधात स्पष्ट लिहिलेलं हवं, 'स्पी. नोव्ह.' ही खूण त्यासाठीच. होलोटाइप स्पष्टपणे नेमलेला हवा, आणि तो कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाईल, त्या संग्रहाचं नाव आणि ठिकाण हवं. 'लेखकांकडे आहे' एवढ्याने भागत नाही. प्रजाती वेगळी कशी ओळखायची हे शब्दांत हवं, नुसता फोटो चालत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ इलेक्ट्रॉनिक नियतकालिकातलं नावही ग्राह्य आहे, पण त्या निबंधाची झूबँकमध्ये (प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंदणी हवी आणि नोंदणीचा पुरावा निबंधातच छापलेला हवा. ही नोंदणी नियतकालिक करतं की लेखकाने करायची, हे निबंध पाठवतानाच विचारा.

संहिता समीक्षेची अट घालत नाही. म्हणजे घाईने, कुणीही न तपासता छापलेलं नावही कायम चिकटून राहतं आणि पुढच्या शंभर वर्षांतल्या प्रत्येकाला ते निस्तरावं लागतं. म्हणून नियतकालिक निवडताना कोळ्यांचे जाणकार समीक्षक कुठे मिळतील ते बघा.

निबंध छापून येईपर्यंत ते नाव कुठेही लिहू नका: फोटोखाली नाही, परिषदेच्या गोषवाऱ्यात नाही, प्रबंधात नाही. तिथे फुटलेलं नाव 'उघडं नाव' (रीतसर वर्णनाशिवायचं, ग्राह्य नसलेलं) ठरतं, आणि दुसऱ्याने कुणी तेच शब्द वापरून रीतसर वर्णन छापलं तर गुंता होतो. तोवर 'प्रजाती १' म्हणा.

शब्द कुठल्याही भाषेतला चालतो, पण लिपी रोमन आणि अक्षरांवर कुठलीही चिन्हं नाहीत. लॅटिन विशेषण असेल तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं: फिंटेला स्त्रीलिंगी म्हणून फिंटेला व्हिटाटा, मेनेमेरस पुल्लिंगी म्हणून मेनेमेरस बायव्हिटॅटस. आपल्या भाषेतलं नाम घेतलं तर ते तसंच राहतं, मात्र 'हे नाम आहे, विशेषण नाही' असं व्युत्पत्तीत लिहून टाका. ती ओळ नसली की पुढे कुणीतरी शेपूट बदलायला बघतं. व्यक्तीच्या नावावरून करायचं तर पुरुषासाठी शेवटी 'आय', स्त्रीसाठी 'ए-ई', अनेकांसाठी 'ओरम' (सगळ्या स्त्रियाच असतील तर 'आरम').

जाता जाता एक, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. बाकी सगळ्या प्राण्यांची नावं लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून मोजतात, पण कोळ्यांना अपवाद आहे: क्लर्क यांचा १७५७ चा ग्रंथ. त्यातली नावं लिनियसच्याही आधीची धरली जातात.

---

आठडोळे

दोन नर आणि एका मादीवर छापायचं की थांबायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. शक्य असेल तर आणखी एक हंगाम थांबा, त्याच महिन्यात त्याच जागी पुन्हा जा. प्रौढ नर बऱ्याचदा वर्षातले काहीच आठवडे दिसतात, आणि दोन नरांवरून काट्याची लांबी किती बदलते हे सांगता येत नाही.

---

नामावली

इथे थोडं वेगळं मत आहे. उष्णकटिबंधातल्या सर्वेक्षणांत साधारण एक तृतीयांश प्रजाती एकेकाच नमुन्यावरून माहीत होतात. सगळ्यांनी पूर्ण मालिकेची वाट पाहिली तर जंगल जाईल आणि नाव यायचं राहील. नर-मादी दोन्ही आहेत, सीक्वेन्स आहे, शेजारच्या प्रजातींशी तुलना पुरी झाली असेल, तर छापा. तुलना अपुरी असेल तर दहा नमुने असूनही थांबा.

---

आठडोळे

तुलना पुरी झाल्यावर, हे मान्य. मग डायग्नोसिसवर मेहनत घ्या. वर्णन म्हणजे प्रजातीबद्दलचं सगळं, डायग्नोसिस म्हणजे ती जवळच्या प्रजातींपासून कुठे वेगळी. 'एम्बोलस लांब असतो' हे डायग्नोसिस नाही. 'डावा पाल्प खालून पाहता एम्बोलस नऊच्या काट्यावर उगवतो, अमुक प्रजातीत सातच्या. टिबियाचा काटा टिबियाच्या लांबीच्या निम्म्याहून आखूड, तिच्यात बरोबरीचा' असं लिहा, आणि प्रत्येक दाव्यापुढे आपलं चित्र कुठलं आणि तिचं कुठलं ते सांगा. रंगाचा फरक सांगायचा तर शेवटी, आणि त्यावर एकट्यावर काही उभं करू नका. लिहून झालं की कोळ्यांवर काम करणाऱ्या पण तुमचे नमुने न पाहिलेल्या कुणाला तरी फक्त डायग्नोसिस आणि दोन्ही प्रजातींची चित्रं द्या. त्यांना नर वेगळे करता आले नाहीत तर वाक्यं बदला.

---

रात्रीचा_टॉर्च

जागेच्या अक्षांश-रेखांशाबद्दल. जंपिंग स्पायडरला सहसा पूर्ण आकडे द्यावेत, दशांशानंतर चार अंकांपर्यंत, उंचीसह. टॅरँट्युलांचं वेगळं आहे. नवी रंगीत टॅरँट्युला छापून आली की पाळणाऱ्यांसाठी तिची शिकार होण्याचा धोका खरा आहे. पोइसिलोथेरिया हा अख्खा जीनस २०१९ मध्ये साइट्सच्या (संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात घ्यावा लागला. तिथे छापील निबंधात अंदाजे जागा आणि नेमके आकडे संग्रहाच्या नोंदीत, हाच मार्ग.

नमुने किंवा डीएनए परदेशी पाठवणार असाल तर गोळा करण्याचा परवाना पुरत नाही, निर्यातीची आणि नागोया करारानुसार (जैविक संसाधनांच्या वापराचा आणि लाभवाटपाचा करार) लागणारी कागदपत्रं वेगळी. परवान्याचा क्रमांक निबंधात द्या. समीक्षक मागतातच.

---

बल्ब_आणि_एम्बोलस

आणि लेबलं. बाटलीच्या आत कापसाच्या लगद्याचा कागद आणि पिगमेंट शाई किंवा पेन्सिल. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि लेझर प्रिंटरचा टोनर काही वर्षांत सुटून तळाशी काळी अक्षरं साचतात. देश, प्रांत, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पद्धत, अधिवास आणि गोळा करणाऱ्याचं नाव हे सगळं त्याच एका कागदावर हवं. 'क्र. १७, वही पाहा' असं नको, कारण वही हरवते. होलोटाइपचं लाल लेबल वेगळं, जुनं लेबल काढून न टाकता त्याच्या जोडीला. बाटली भरताना नमुन्याच्या दसपट तरी इथेनॉल घ्या, ताजे नमुने असतील तर दुसऱ्या दिवशी ते बदला, कारण अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं. छोट्या बाटल्या एका मोठ्या घट्ट बरणीत, तीही इथेनॉलने भरलेली. मग एखादं झाकण सैल राहिलं तरी नमुना कोरडा पडत नाही.